वांग्याचं फूल कोण वाजवतं?

पावसाने उघडीप दिलेल्या एखाद्या सकाळी, आठ-साडेआठच्या सुमारास, वांग्याच्या झाडापाशी पाच मिनिटं उभं राहून बघा. जांभळं फूल मान खाली घालून लोंबत असतं. मधोमध पिवळेधमक परागकोश एकमेकांना चिकटून सुळका करून बसलेले. थोड्या वेळाने एक माशी येते. अंगाने गुबगुबीत, पाठीवर तांबूस लव, पोटावर निळे चकचकीत पट्टे. ती फुलाला खालून कवटाळते, अंगाला बाक देते आणि तिचा आवाज एकदम पालटतो. उडतानाची गुणगुण थांबते आणि वरच्या पट्टीतला तुटक ‘झींऽ, झींऽ’ असा सूर लागतो. फूल थरथरतं. दोन-तीन सेकंदांत माशी पुढच्या फुलावर.

ती फूल वाजवत असते, असंच म्हणायला हवं. जास्वंदीचे किंवा भोपळ्याचे पराग उघड्यावर असतात. बोट लावलं की पिवळं होतं. वांग्याने मात्र आपले पराग कोंडून ठेवलेले आहेत. प्रत्येक परागकोशाच्या टोकाला बारीकशी दोन भोकं, आत कोरडे, सुटे पराग. जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबीच ही. उलटी धरली तरी हलवल्याशिवाय काही पडायचं नाही. माशी पंख जागच्या जागी मिटून धरते आणि उडायचे स्नायू तेवढे चालू करते. सेकंदाला काहीशे वेळा होणारा तो कंप तिच्या अंगातून फुलात उतरतो आणि पराग भोकांतून उसळून तिच्या पोटावर पडतात. त्यातले बहुतेक ती पायांनी झाडून पिल्लांसाठी घरी नेते. जे थोडे अंगावर राहून जातात ते पुढच्या फुलाला लागतात, आणि तिथे वांगं धरतं.

जगात सुमारे २० हजार जातींच्या वनस्पती अशा कंपाशिवाय पराग सोडत नाहीत. टोमॅटो आणि बटाटा हे वांग्याचे भाऊबंदही त्यांतलेच. आणि गंमत अशी, की आपली सातेरी किंवा आग्या माशी, जिच्या मधाचं आपण एवढं कौतुक करतो, तिला ही कला येत नाही. ती येते निळ्या पट्ट्यांच्या या एकट्या राहणाऱ्या माशीला आणि काळ्या थोरल्या भुंग्याला. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. समुद्र ओलांडून तो इकडे आला तेव्हा त्याच्या गावच्या माश्या तिकडेच राहिल्या. पण वांगं इथलंच असल्यामुळे इथल्या माश्यांचा हात या कामावर आधीच बसलेला होता. टोमॅटोचं काम अडलं नाही.

युरोपातल्या काचघरांत मात्र ते अडलं होतं. बंद काचेत माशी शिरणार कुठून? १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाळीव भुंगमाश्या विकत मिळू लागल्या. तोवर माणसं हातात थरथरणारी यंत्रं घेऊन टोमॅटोचा घोस न घोस हलवत फिरायची. रोजंदारी देऊन करून घ्यावं लागणारं ते काम आपल्या परसात कुणी न सांगता होत असतं.

काटकसरीची बाग म्हटली की डोळ्यांसमोर येते फुटकी बादली, तेलाचा डबा, जुन्या साडीच्या चिंध्यांनी बांधलेला मांडव. ते सगळं खरंच आहे. पण परसबागेतली मोठी बचत त्याच्या पलीकडची आहे. जे काम कुणीतरी आधीच करतंय, त्याचे पैसे आपण मोजायचे नाहीत. त्यासाठी कोण कुठे काय करतं हे ठाऊक हवं, आणि त्याची मजुरी चुकवू नये. कारण परसात फुकट कुणीच राबत नाही.

माशीची मजुरी

वांग्याच्या फुलात मध नसतो. माशीला मिळतात ते परागच. तेवढ्यावर तिचं भागत नाही. उडायला साखर लागते, ती मधातून येते. म्हणून भाजीच्या परसात तुळस हवी, गोकर्ण हवा, एखादी कोथिंबिरीची जुडी फुलायला सोडून दिलेली हवी. जुन्या परसात देवाची फुलं आणि ताटातली भाजी एकाच वाफ्यात नांदायची. त्यात पूजेची सोय होती, नजरेला बरंही वाटायचं, आणि माश्यांची खाणावळ वर्षभर चालू राहायची.

दुसरी गरज घराची. निळ्या पट्ट्यांच्या माशीला पोळं नसतं. प्रत्येक मादी मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत आपलं बीळ स्वतः कोरते. नरांना तर तेवढंही घर नाही. संध्याकाळ झाली की ते एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून, रांगेने लोंबकळत झोपतात. काळा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत राहतो. मांडवाचे जुने वासे त्याला पुरतात. सगळं अंगण फरशीने मढवलं, वाळक्या काड्या झाडून जाळल्या आणि कोपरान्‌कोपरा स्वच्छ केला, की वांग्याला फूल भरपूर आणि वांगं कमी. एक हातभर मातीचा तुकडा उघडा, कोरडा, न खणलेला ठेवणं याला काडीचाही खर्च नाही.

मोरीच्या पाण्याचा प्रवास

कोकणातल्या घराचं परस मोरीपासून सुरू होतं. भांड्यांचं, तांदूळ-भाज्या धुतल्याचं पाणी पाटाने आधी अळूकडे जातं, मग केळीकडे. हा क्रम विचाराने लावलेला आहे. अळूला पाय ओले लागतात. केळीची भूक मोठी. भांड्यांना राख लावायची तेव्हा त्या पाण्यातून पोटॅशियमही जायचं, आणि केळीला तेच सगळ्यात जास्त हवं असतं. आताच्या डिटर्जंटचं पाणी वेगळ्या वाटेने न्यावं. तांदळाचं धुवण अजूनही चालतं.

केळीचं खोड म्हणून आपण ज्याला म्हणतो ते खोड नव्हेच. पानांचे देठ एकात एक गुंडाळून झालेला तो खांब. खरं खोड जमिनीत, आणि तिथूनच बाजूला नवी पिल्लं फुटतात. घड एकदाच येतो आणि ती केळ संपते. घड उतरवल्यावर खांब तोडून, चिरून पिल्लाच्या बुंध्याशी घातला की आईने साठवलेलं पाणी आणि पोटॅशियम लेकीला मिळतं. दुकानातून आणायचं काही उरत नाही.

आणि अळू? सकाळी त्याच्या पानावरचा पाण्याचा थेंब बघा. पान भिजत नाही. थेंब गोळी होऊन घरंगळतो आणि वाटेतली धूळ उचलून खाली पडतो. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणारं ते पान सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत आहे. बारीक उंचवटे, त्यांच्यावर मेणाचे त्याहून बारीक कण. थेंब त्या टोकांवर टेकतो, खालच्या फटीत हवा राहते, आणि पाण्याला पान धरताच येत नाही. बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ साली कमळाच्या पानाच्या निमित्ताने हे नीट मांडलं. पुढे आपोआप स्वच्छ राहणारे रंगसुद्धा त्यावरून निघाले. पावसाळाभर चिखलात उभ्या असलेल्या अळूला मात्र त्याचा रोजचा उपयोग आहे. पान स्वच्छ राहिलं की ऊन पुरतं मिळतं, आणि बुरशीच्या बीजुकांना चिकटून बसायला ओल सापडत नाही.

गुलाबी गाठ

परसातला सगळ्यात थक्क करणारा कारखाना जमिनीखाली आहे. चवळीचं झाड फुलावर असताना एखादं हलक्या हाताने, मातीसकट काढा आणि मुळं पाण्यात खळबळा. बाजूच्या मुळ्यांना मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून ती गुलाबी निघते, कधी तर चक्क लाल.

तो रंग आपल्या रक्ताच्या रंगाचा सख्खा नातेवाईक आहे. गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट, की कुठल्याही झाडाला ती तोडता येत नाही. हे जिवाणू ती तोडतात. ज्या विकराने ते तोडतात त्याला मात्र ऑक्सिजनचं वावडं; ऑक्सिजन लागला की ते कायमचं बिघडतं. आणि जिवाणूंना जगायला तर ऑक्सिजन हवाच. हा पेच सोडवण्यासाठी गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजूनमापून सोडतं, म्हणजे श्वासही चालतो आणि विकरही वाचतं. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनची ने-आण करतं. इथे तेच कुळ पहाऱ्याला बसलेलं आहे.

नायट्रोजनची जोडी तोडायचं हेच काम माणसाने करायला घेतलं तेव्हा काय लागलं ते बघा. जर्मनीत फ्रित्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत ते जमवून दाखवलं, कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना केला आणि १९१३ साली ओपाऊ इथे तो सुरू झाला. ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब, जाड पोलादाच्या टाक्या. आपल्या गोणीतला युरिया आजही त्याच वाटेने येतो. चवळीच्या मुळाशी तीच जोडी तुटते ती पावसाळी मातीच्या साध्या तापमानाला, आवाज न करता.

फुकट नव्हेच. जिवाणूंना झाड साखर पुरवतं, आणि तो खर्च झाडाला चांगलाच जड जातो. म्हणूनच एक गोष्ट काटकसरी माणसाने लक्षात ठेवावी. वाफ्यात युरिया टाकला, तर चवळी गाठी धरणं कमी करते. आयतं मिळत असताना ती मजूर कशाला पोसेल? पैसे घालून आपण फुकटात होणारं काम बंद पाडतो.

आणखी एक भ्रम आहे. कडधान्य लावलं की जमीन आपोआप सुपीक होते, असं आपण सहज म्हणतो. झाडाने मिळवलेला बराचसा नायट्रोजन शेंगांत जातो आणि शेंगा आपल्या पोटात. जमिनीला मिळतं ते मुळं आणि पाल्यातून. म्हणून हंगाम संपल्यावर वाल-चवळी उपटायची नाही. बुंध्याशी कापायची, मुळं मातीत राहू द्यायची आणि वेल तिथेच पसरून टाकायची.

दुसरी गाठ, आणि झेंडू

मुळावरची प्रत्येक गाठ शुभ नसते. टोमॅटो, वांगं, भेंडी नीट पाणी असूनही दुपारी मान टाकायला लागली, पानं पिवळी पडली, तर मूळ उकरून बघावं. तिथेही गाठी दिसतील, पण वेगळ्या. चवळीची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने चोळली की सुटून येते. ही दुसरी सुटत नाही, कारण मूळच जागोजाग सुजलेलं असतं. आत सूत्रकृमी असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते मुळातल्या काही पेशींना फुगवून मोठं करतात आणि तिथेच बसून जन्मभर खातात.

झेंडू इथे कामाला येतो. मेक्सिकोतून आलेलं हे फूल आपल्या दसऱ्यात इतकं मुरलं, की त्याला परकं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या मुळांत अल्फा-टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं. सूत्रकृमी त्या मुळात शिरले की मरतात. हॉलंडमधल्या संशोधकांनी १९५८ साली ते द्रव्य ओळखून वेगळं काढलं.

पण चार कोपऱ्यांत चार झेंडू लावून टोमॅटो वाचत नाही. द्रव्य मुळात आणि मुळाच्या अगदी लगत काम करतं. ज्या वाफ्यात गाठी सापडल्या, तिथे पुढचा हंगामभर झेंडूच दाट लावायचा, फुलं दसरा-दिवाळीला काढायची आणि मग त्या वाफ्यात टोमॅटो. परसबागेत पीक जागा बदलत फिरतं ते यासाठी. बियाणं तर घरातच असतं. दारावरचं वाळलेलं तोरण चुरगाळलं की काळ्या काड्यांसारखं, फिक्या शेंडीचं बी हातात येतं. गोंड्यातली प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल आहे, म्हणून एका गोंड्यात बिया इतक्या. बाजारातल्या संकरित फुलांचं बी मात्र आईवर जाईलच असं नाही. कधी ते पोचटही निघतं. गावठी झेंडू तेवढा भरवशाचा.

दोन पाळ्यांचा मांडव

मांडवाखाली सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं, तर दोन निराळ्या बागा दिसतात.

सकाळची पाळी काकडी, भोपळा, कारलं आणि घोसाळं यांची. सगळी फुलं पिवळी, कारण गिऱ्हाईक माश्यांचं. भोपळ्याचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात पराग पोचले तर पोचले. संध्याकाळी दोडका उमलतो. तो पिवळाच, पण घोसाळ्याचा सख्खा भाऊ असून त्याने पाळी बदलून घेतली आहे. मग दुधी, पांढराशुभ्र. शेवटी पडवळ. त्याची फुलं दिवसा पाहिलेली माणसं त्याला सामान्य समजतात, कारण तेव्हा ती कोमेजून गुंडाळलेली असतात. रात्री प्रत्येक पाकळीच्या कडेला बारीक पांढऱ्या तंतूंची झालर सुटते आणि वास दरवळतो. हे सगळं लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. काळोखात पिवळा रंग हरवतो, पांढरा उठून दिसतो. कुंपणापाशी गुलबक्षी चारच्या सुमारास उमलायला लागते, तीही याच पतंगांच्या आशेने. रात्री परसात झगझगीत दिवा ठेवला, की पतंग दिव्याभोवती फिरतात आणि पडवळ वाट बघत राहतं.

‘फूल येतं आणि गळून जातं’ ही मांडवाची नेहमीची तक्रार. गळतं ते बहुधा नर फूल. या सगळ्या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि सुरुवातीला नरच जास्त येतात. मादी ओळखायला सोपी. पाकळ्यांच्या मागे इवलासा दुधी किंवा इवलंसं कारलं आधीच बसलेलं असतं. ते पिवळं पडून गळलं, तर मात्र पराग पोचलेले नाहीत असं समजावं. दुधीचं नर फूल खुडून संध्याकाळी मादी फुलाला हलकेच टेकवलं तरी फळ धरतं. आणि भोपळ्याच्या जास्तीच्या नर फुलांची भजी होतात. निसर्गाने गरजेपेक्षा जास्त दिलेले पराग आपण बेसनात बुडवून तळतो. दोन-चार फुलं माश्यांसाठी ठेवली की झालं.

उलटसुलट स्प्रिंग

वेल वर चढते कशी? काकडीचा कोवळा ताणा हवेत सावकाश गोल फिरत असतो. काडीला टेकला की काही मिनिटांत वाकायला लागतो आणि काडीला वेढे घालतो. चार्ल्स डार्विन यांना या हालचालींनी असं झपाटलं, की १८६५ साली त्यांनी चढत्या वेलींवर मोठा निबंधच प्रसिद्ध केला. वादळात वेल टिकते कशी हे बघायला ते सोसाट्याच्या वाऱ्यात कुंपणापाशी जाऊन उभे राहिले होते.

टिकण्याचं गुपित मांडवावर कुणालाही दिसेल. टोक अडकलं की उरलेला ताणा स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि वेलीला वर ओढून घेतो. एक ताणा नीट न्याहाळा. अर्धे वेढे एका दिशेला, अर्धे उलट्या दिशेला, आणि मधोमध एक सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेली असताना नुसता एकाच दिशेने पीळ देता येत नाही. डावा पीळ पडला की तेवढाच उजवाही पडावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली काकडीच्या ताण्याच्या आत तंतूंची एक पट्टी दाखवली. तिची एक बाजू जास्त आकसते, म्हणून ताणा वळतो. आणि जून झालेला ताणा ओढला, तर वेढे उलगडण्याऐवजी आधी वाढतात. साधा झोत आला तर ताणा सैल देतो, जोराचा आला तर ताठ होतो. पावसाळी वाऱ्यात दुधीचं वजन पेलणारा मांडव आपण बांधतो, पण वेलीला त्याच्याशी बांधायचं काम ती स्वतःच करते. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून टोकाला दगड बांधायचा, एवढीच आपली भर.

राखेतलं बी

या बागेत पैसे खरे लागतात ते बियाण्याला, आणि तेही लागू नयेत अशी सोय जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. वेलीवरचा चांगला, लवकर धरलेला दोडका काढायचा नाही. दोरा बांधून बियाला ठेवायचा. वेलीवरच वाळला की चुलीच्या वर टांगायचा, किंवा बी काढून राखेत घोळून मडक्यात.

राखच का, याचं उत्तर बियाच्या श्वासात आहे. बी झोपलेलं असतं, मेलेलं नव्हे. ओल आणि ऊब मिळाली की त्याचा श्वास वाढतो आणि साठवलेलं अन्न जळतं. बीजशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे. बियातली ओल एक टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी दुप्पट. कोकणातल्या दमट हवेत तापमान उतरवणं कठीण, ओल उतरवणं शक्य. कोरडी राख आजूबाजूची ओल शोषते. शिवाय तिचे बारीक, खरखरीत कण कडधान्यातल्या भुंगेऱ्याच्या अंगावरचं मेण खरवडतात, आणि मेण गेलं की त्याच्या अंगातलं पाणी उडून तो मरतो. हीच राख काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या पानांवर सकाळच्या दवात भुरभुरली, की पानांची चाळण करणारे लाल भुंगेरेही बिचकतात. पाऊस पडला की पुन्हा भुरभुरावी लागते, आणि वानरांवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही, हेही सांगायला हवं.

पहिल्यांदा बी धरणाऱ्याने चवळी, वाल आणि टोमॅटोपासून सुरुवात करावी. यांचं परागण बहुतेक वेळा फुलातल्या फुलातच होतं, म्हणून पुढचं झाड आईसारखं येतं. दुधी, भोपळा, काकडी यांचे पराग शेजारच्या मांडवावरूनही येऊ शकतात. त्यांच्या कळीवर आदल्या दिवशी कापडी पिशवी बांधून, हाताने पराग लावून, फळ धरेपर्यंत ती तशीच ठेवली तरच वाण शुद्ध राहतो. दुधी किंवा काकडी चिरताना फोड जिभेला लावून बघायची जुनी सवयही सोडू नये. क्वचित एखादं फळ जहर कडू निघतं. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने जात नाही. असं फळ टाकून द्यावं, आणि त्याचं बी तर अजिबात ठेवू नये.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हीच घरगुती रीत मोठी केली. गावठी वाल, भाज्या, भात यांचे वाण त्यांनी गोळा केले, लावले, जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ‘बीजमाता’ हे नाव घरोघरी पोचलं. त्यांच्या कामाचं मर्म बी साठवण्यापेक्षा ते दरवर्षी लावण्यात आणि दुसऱ्याच्या हाती देण्यात आहे.

कारण मडक्यातलं बी कितीही कोरडं ठेवलं, तरी त्याचं आयुष्य मोजकंच. एका वर्षी पाऊस अवेळी पडतो, एखाद्या हंगामात वानरं अख्खा मांडव रिकामा करतात, कधी मडक्याला ओल लागते. तेव्हा आपलं पडवळ वाचतं ते शेजारणीच्या कुंपणावर वेल असेल तरच. या जूनमध्ये मूठभर बी चार घरांत देऊन टाका. तुमच्या परसात ते कधी संपलं, तर परत मागायला चार दारं असतील.